जुनी गाणी ऐकायचीत ना? मग हे ऐक

बाळा, मोबाईलवर ‘ओल्डीज’, ‘गोल्डन’, ‘सदाबहार’ असलं काही टाकून रेडिओ शोधत बसू नकोस. त्या नावांखाली ढीगभर स्टेशनं निघतात आणि लग्नाच्या बँडलासुद्धा पाठ असलेली गाणीच सगळीकडे लागतात. तुला हवीत ती रेकॉर्ड निघाली, थोडे दिवस वाजली आणि मग कुणी विचारलीच नाहीत अशी. ती शोधायची रीत वेगळी आहे.

आधी एक गोष्ट पक्की धर. अनवट गाणं लागतं ते कुणीतरी बसून निवडलेलं असतं म्हणून. ठरावीक यादी कॉम्प्युटरला लावून दिलेलं स्टेशन वर्षभर ऐकलंस तरी त्या यादीबाहेरचं काही कानावर पडणार नाही. म्हणून नवं स्टेशन सापडलं की तासभर नीट ऐक. गाण्याच्या आधी किंवा नंतर कुणी बोलतं का? बोलत असेल तर नुसतं गायकाचं नाव सांगतं, की सिनेमा, साल, गीतकार, संगीतकार सगळं? दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत लाव. तीच गाणी त्याच क्रमानं आली तर पुढं सरक. आपल्या कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाचे सौदे व्हायचे, तेव्हा नुसता रव्याचा रंग बघून कुणी भाव करत नव्हतं, खडा जिभेवर ठेवून बघायचे. स्टेशनचंही तसंच कर, नावाला भुलू नकोस.

आमच्या पिढीचा कान अशा निवडणाऱ्यांनीच घडवला. 1952 पासून बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री होते. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली आणि अख्खा देश रेडिओ सिलोन लावायला लागला. अमीन सयानींची बिनाका गीतमाला सगळ्यांना माहीत आहे, पण ती चालू जमान्यातल्या लोकप्रिय गाण्यांची. मला विचारशील तर सिलोनचा खरा ठेवा सकाळी साडेसात ते आठ, ‘पुरानी फिल्मों का संगीत’. शेवटचं गाणं सैगलचं असायचं. ते सुरू झालं की आठ वाजत आले, घड्याळाकडे बघायला नको. पुढं 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती आली आणि ‘भूले बिसरे गीत’ घराघरांत ऐकू यायला लागलं.

तेव्हा सुरुवात आकाशवाणीपासूनच कर. प्रसार भारतीचं ‘न्यूजऑनएअर’ नावाचं ॲप आहे, फुकट आहे, आणि देशभरची केंद्रं त्यावर लागतात. सगळे विविध भारती लावतात, तूही लाव. पण त्या यादीत ‘उर्दू सर्व्हिस’ दिसते, ती वगळू नकोस. भाषा बघून लोक पुढं जातात आणि फार मोठ्या ठेव्याला मुकतात. तिथला ‘तामील-ए-इरशाद’ हा फर्माईशीचा कार्यक्रम ऐक. पत्र लिहिणारे श्रोतेच इतके दर्दी की चाळीस-पन्नासच्या दशकांतली दुर्मिळ गाणी मागतात. शास्त्रीय ऐकावंसं वाटलं तर ‘रागम’ ही वाहिनी 2016 पासून चोवीस तास चालू आहे.

दुसरा रस्ता परदेशातून येतो. ‘रेडिओ गार्डन’वर पृथ्वीचा गोल फिरतो, त्यावर हिरवे ठिपके असतात, ठिपक्यावर थांबलं की तिथली स्टेशनं वाजतात. मुंबई-दिल्लीवर रेंगाळू नकोस. फिजी, मॉरिशस, त्रिनिदाद, सुरिनाम, नेदरलँड्समधलं हेग इथं जा. आपली माणसं ऊस तोडायला, मजुरीला जहाजातून फिजी-सुरिनामसारख्या ठिकाणी गेली, त्यांच्या नातवंडा-पणतवंडांनी तिथं आणि पुढं हेगमध्येही हिंदी गाणी जपली. त्रिनिदादचं ‘संगीत 106.1’, फिजीचं ‘रेडिओ फिजी टू’ ही नावं लक्षात ठेव. वेळेचा हिशेबही हवा, कारण जुनी गाणी बहुतेक ठिकाणी सकाळी लवकर नाहीतर रविवारी लावतात. त्रिनिदादला सकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा आपल्याकडे दुपारचे चार झालेले असतात.

इंग्रजी जुनं हवं असेल तर ‘रेडिओ डिस्मुक’ शोध, तिथं 1925 ते 1935 एवढ्याच काळातलं संगीत वाजतं. आणि न्यू जर्सीचं ‘डब्ल्यूएफएमयू’. ते श्रोत्यांच्या वर्गणीवर चालतं, निवेदक स्वतःची गाणी स्वतः निवडतात, प्रत्येक कार्यक्रमाची यादी वाचायला मिळते आणि होऊन गेलेला कार्यक्रमही परत ऐकता येतो. आपल्याकडच्या स्टेशनांनी हे शिकावं असं मला फार वाटतं.

आता शोधताना काय टाकायचं. ‘लता’, ‘रफी’, ‘आशा’ टाकलंस की तीच पुन्हा पुन्हा ऐकलेली गाणी येणार. संगीतकाराच्या नावानं शोध: श्यामसुंदर, विनोद, हुस्नलाल-भगतराम, स्नेहल भाटकर. कमी गाजलेल्या गळ्यांच्या नावानं शोध. आपल्या लावणीच्या सुलोचना चव्हाण लग्नाआधी सुलोचना कदम होत्या आणि हिंदीत गायच्या. 1951 चा ‘ढोलक’, संगीत श्यामसुंदरचं, त्यातला त्यांचा आवाज ऐकलास तर लावणीवाल्या बाई याच का, असं विचारशील. मराठीत मालती पांडे, ललिता फडके, मोहनतारा अजिंक्य. दत्ता डावजेकरांचं संगीत शोध; आशाबाई सिनेमासाठी पहिल्यांदा गायल्या त्या 1943 च्या ‘माझं बाळ’मध्ये, त्यांच्याच चालीवर.

आणि कोल्हापूरचा आहेस, तर आधी घरचं ऐक. प्रभात फिल्म कंपनी 1929 ला इथंच सुरू झाली, ‘अयोध्येचा राजा’ 1932 साली इथंच झाला, संगीत गोविंदराव टेंब्यांचं. भालजी पेंढारकरांच्या ‘साधी माणसं’चं संगीत ‘आनंदघन’ या नावानं लताबाईंनी दिलं, 1965 साली. त्यातली एक-दोनच गाणी रेडिओवर वाजतात, बाकीची माग. फार जुनं ऐकताना आवाज लांबून आल्यासारखा वाटला तर स्टेशन बदलू नकोस. 1935 च्या ‘धूपछाँव’मधून पार्श्वगायन सुरू झालं. त्याआधी नट कॅमेऱ्यासमोर स्वतः गायचे आणि साजिंदे चित्राच्या चौकटीबाहेर बसून वाजवायचे. तो आवाज तसाच असणार.

खरखर काढायच्या नादात आवाजाच्या सेटिंगशी खेळू नकोस. बास वाढवला की जुन्या रेकॉर्डीतले शब्द बुडतात. कानात बोंडं घालण्यापेक्षा एखादा चांगला स्पीकर घे, एकच पुरे, कारण ही गाणी मोनोत ध्वनिमुद्रित झालेली आहेत. नेटची काळजीही नको. 64 केबीपीएसचं स्टेशन तासाला साधारण 29 एमबी खातं, 128 चं 58. अशा गाण्यांना 64 भरपूर.

लहान स्टेशनं कधी बंद पडतात, कधी ॲपमधून गायब होतात. त्यासाठी त्यांचा मूळ पत्ता उतरवून ठेव. ‘रेडिओ ब्राउझर’ नावाची खुली यादी आहे, देश, भाषा, दशक असं गाळून तिच्यात शोधता येतं आणि प्रवाहाचा थेट पत्ताही मिळतो. तो ‘व्हीएलसी’मध्ये नेटवर्क स्ट्रीमच्या जागी टाकला की स्टेशन वाजतं, मधलं ॲप गेलं तरी अडत नाही.

आणि वही. वहीशिवाय हा छंद होत नाही. तारीख, स्टेशन, गाण्याचा मुखडा, गायक, सिनेमा, संगीतकार, आणि न कळलेल्या जागी प्रश्नचिन्ह. मोबाईलचं गाणं ओळखणारं ॲप जुन्या गाण्यांना पुष्कळदा हात टेकतं. मग हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांचा ‘हिंदी फिल्म गीतकोश’ काढ. एकेका दशकाचा एकेक खंड, 1931 पासूनचा, आणि सिनेमागणिक गाण्यांची नोंद. कानपूरच्या एका माणसानं आयुष्य घालून केलेलं काम आहे ते. मराठीसाठी ‘आठवणीतली गाणी’ हे संकेतस्थळ बघ, कवी, संगीतकार, राग, सगळं व्यवस्थित दिलेलं असतं.

वहीत पुरेशा नोंदी झाल्या की नुसतं ऐकत राहू नकोस, फर्माईश पाठव. ‘एखादं जुनं छानसं गाणं लावा’ असं लिहिलं की निवेदक हाताशी असेल ते लावतो. सिनेमा, साल, गायक, संगीतकार असं सगळं लिही, म्हणजे त्याला लायब्ररीत रेकॉर्ड शोधता येते. गाणं लागलं की पोचल्याचं दोन ओळींत कळव. आपण मागितलेलं कुणीतरी ऐकतंय हे कळलं की तो पुढच्या वेळी आणखी खोल जातो. आणि ‘ढोलक’मधलं काही लागणार असं कळलं तर आधी मला फोन कर, मी स्वयंपाक उरकून बसते.