रानातली रात्र आणि दूर जाणारा आवाज



अर्धापूरहून नागपूरच्या रस्त्याने निघालात की हदगावनंतर, उमरखेडच्या अलीकडे, पैनगंगा ओलांडावी लागते. अर्धापूरच्या केळीच्या बागांना कालव्याने मिळणारे पाणी याच नदीवरील इसापूर धरणाचे. पुढे नदीच्या खालच्या अंगाला, यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांच्या सीमेवर पैनगंगा अभयारण्य आहे. सागाच्या या जंगलात नीलगाय, चितळ, रानडुक्कर, अस्वल, बिबट्या असे प्राणी राहतात.

उन्हाळ्यात ओढे-नाले आटतात आणि मोजक्याच पाणवठ्यांवर प्राण्यांची भिस्त असते. म्हणूनच महाराष्ट्रातील अनेक अभयारण्यांत वैशाखातील बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसून प्राण्यांची नोंद करण्याचा उपक्रम होतो. वनखात्याच्या परवानगीने नागरिकही त्यात भाग घेतात. मचाणावर चढण्यापूर्वी त्यांना बजावले जाते, 'बोलू नका. कुजबुजूही नका.' एवढी सक्ती कशासाठी? याचे उत्तर प्राणिशास्त्राइतकेच पदार्थविज्ञानातही आहे.

आवाज का वाकतो?

हवेतील ध्वनीचा वेग तापमानाबरोबर वाढतो. ०° सेल्सिअसला तो सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो आणि प्रत्येक अंशाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. म्हणजे २०° ला ३४३ मीटर, तर ४०° ला ३५५ मीटर.

आता मैदानावर हातात हात धरून चालणारी मुलांची एक आडवी रांग डोळ्यांसमोर आणा. डाव्या टोकाची मुले सावकाश आणि उजव्या टोकाची भराभर चालू लागली, तर काय होईल? सारी रांग डावीकडे, म्हणजे सावकाश चालणाऱ्यांकडे वळेल. ध्वनितरंगांचेही तसेच होते. ते थंड हवेकडे वळतात. यालाच ध्वनीचे वक्रीभवन म्हणतात.

दुपारी जमीन तापलेली असते. तिच्यालगतची हवा सर्वांत उष्ण आणि वरची त्यामानाने थंड असते. त्यामुळे आवाज वर वळतो आणि काही अंतरापलीकडे जमिनीवरच्या माणसाला तो नीट ऐकू येत नाही. तिथे जणू ध्वनीची 'सावली' पडते. त्याच तापलेल्या हवेत प्रकाशकिरणही वर वळतात आणि आपल्याला मृगजळ दिसते.

रात्री चित्र उलटते. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर जमीन प्रारणाने उष्णता गमावून लवकर थंड होते. तिच्यालगतची हवा थंड होते आणि वरची तुलनेने उबदार राहते. या स्थितीला तापमानाची विपरीतता म्हणतात. समजा, जमिनीजवळ २२° आणि काही मीटर उंचीवर २६° तापमान आहे. वेगातील फरक सेकंदाला केवळ २.४ मीटर; पण तेवढ्यानेही आवाज हळूहळू खाली वळतो आणि जमिनीलगत दूरवर जातो. रात्री इतर गोंगाट कमी असतो, हेही आवाज ऐकू येण्याचे एक कारण आहेच. परंतु ते एकटेच कारण नव्हे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. पाणवठे बहुधा खोलगट जागी असतात. थंड हवा जड असल्याने अशाच जागी साचते. म्हणजे जिथे शांततेची सर्वांत अधिक गरज, तिथेच आवाज दूर जाण्यास परिस्थिती अनुकूल!

आफ्रिकेतील हत्ती

या गुणधर्माचा उपयोग आफ्रिकेतील हत्तींना होतो. हत्तींच्या काही हाका २० हर्ट्‌झपेक्षा कमी वारंवारतेच्या, म्हणजे आपल्या कानांना न ऐकू येणाऱ्या असतात. १९८४ साली अमेरिकेतील पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात कॅथरीन पेन यांच्या हे लक्षात आले. पुढे नामिबियातील एटोशा राष्ट्रीय उद्यानात या हाकांचा अभ्यास झाला. १७ हर्ट्‌झच्या हाकेची तरंगलांबी ३४० ÷ १७ = २० मीटर भरते. एवढ्या लांब तरंगाला झाडांच्या खोडांचा अडथळा होत नाही. सूर्यास्तानंतर, अनुकूल हवेत, अशी हाक सुमारे १० किलोमीटरपर्यंत पोचू शकते, असे शास्त्रज्ञांनी गणिताने दाखवले आहे. १० किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस किलोमीटर होते. पैनगंगा अभयारण्याचे क्षेत्र सुमारे ३२५ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे एका हत्तीची हाक जवळजवळ एवढ्या प्रदेशावर पसरते!

आपण काय करावे?

अंतर दुप्पट झाले की क्षेत्र चौपट होते, हा हिशेब आपल्या गप्पांना आणि मोबाइलवरील गाण्यांनाही लागू आहे. दुपारी ३०० मीटरपर्यंत जाणारा आवाज रात्री ६०० मीटरपर्यंत गेला, तर चौपट रानातील प्राणी बिचकतील. वैशाखात तहानलेले चितळ पाण्यापासून मागे फिरले, तर दुसरा पाणवठा त्याला कोसभर दूरही असू शकेल.

अभयारण्यात परवानगीशिवाय जाऊ नये आणि तिथे शेकोटी पेटवू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवेशावर निर्बंध घातले आहेत आणि आग लावण्यास मनाई केली आहे. शांत राहण्याची जबाबदारी मात्र आपली आपणच सांभाळायची असते.

करून पाहा

हिवाळ्यातील एखाद्या निरभ्र, वारा नसलेल्या दिवशी मोकळ्या शेतात एक तापमापी जमिनीपासून ५ सेंटिमीटरवर आणि दुसरी २ मीटरवर टांगा. दोन्हींवर सावली राहील असे पाहा. दुपारी १ वाजता आणि रात्री ९ वाजता (मोठ्या माणसांना सोबत घेऊन) नोंदी करा. त्याच वेळी हमरस्त्यावरील वाहनांचा आवाज किती स्पष्ट ऐकू येतो, तेही लिहा. गावातील चुलींचा धूर सरळ वर जातो की आडवा पसरतो? आठवडाभराच्या नोंदींचा तक्ता करून त्याचा अर्थ वर्गात मांडा.