रोगाची वर्दी : कोणीं, केव्हां व कोठें द्यावी

गोठ्यांत एखादें जनावर अकस्मात् आजारी पडलें म्हणजे मालकाच्या मनांत पहिला विचार उपचाराचा येतो आणि दुसरा, ही गोष्ट चारचौघांत फुटूं नये, असा येतो. बाजार बंद होईल, दुधाचें गिऱ्हाईक तुटेल, शेजारी बोल लावतील, ही भीति अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तथापि सांसर्गिक रोगाच्या बाबतींत लपविण्यानें जें राखावयाचें तेंच प्रथम हातचें जातें, हें दाखवून वर्दीचे नियम वाचकांपुढें मांडावे, असा ह्या लेखाचा हेतु आहे. वर्दी म्हणजे कोणाविरुद्ध फिर्याद नव्हे. गंजीला आग लागली असतां पहिल्या पाहणाऱ्यानें मारलेली ती हांक होय.

हा नियम केवळ सरकारी दप्तराच्या सोयीसाठीं निघालेला नाहीं. सन १९२० सालीं हिंदुस्थानांतून ब्राझीलकडे निघालेलीं वशिंडाचीं गुरें वाटेंत बेल्जमच्या अँटवर्प बंदरांत उतरलीं. त्यांच्याबरोबर बुळकांडीही उतरली व त्या देशाच्या गुरांत पसरली. एका देशांतील रोगाची खबर दुसऱ्यास वेळीं मिळाली पाहिजे, हा धडा त्यावरून घेऊन सन १९२१ मध्यें पॅरिस येथें परिषद भरली, व ता. २५ जानेवारी १९२४ रोजीं २८ राष्ट्रांनीं पशुरोगांविषयींची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन केली. तीच आज जागतिक पशुआरोग्य संघटना ह्या नांवानें चालते. नेमलेल्या रोगांपैकीं एखाद्याचा नवा उद्भव झाल्याची खात्री होतांच २४ तासांच्या आंत तिला कळविण्याचें बंधन सभासद देशांवर आहे.

ज्या बुळकांडीनें हा धडा शिकविला ती आज पृथ्वीवर उरलेली नाहीं. आपल्या देशांत तिचा शेवटचा उद्भव सन १९९५ मध्यें झाला, सन २००६ मध्यें देश तिच्यापासून मुक्त मानला गेला, आणि सन २०११ मध्यें सर्व जगांतून तिचें उच्चाटन झाल्याचें जाहीर झालें. हें यश लशीचें खरेंच. पण शेवटच्या टप्प्यांत लस टोचणें थांबवून गांवोगांव रोगाचा शोध घ्यावा लागला. त्या शोधाचा आधार गुराख्याची व मालकाची खरी माहिती हाच होता.

आतां आपल्याकडील कायदा पाहूं. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांस प्रतिबंध व नियंत्रण करणारा अधिनियम सन २००९ चा आहे. गाय, म्हैस, शेळी, मेंढी ह्यांबरोबर घोडा, गाढव, डुक्कर, कुत्रें, मांजर, कोंबड्या, इतकेंच नव्हे तर मधमाश्याही त्याच्या कक्षेंत येतात. अनुसूचींत दिलेल्या रोगांपैकीं एखादा रोग आपल्या जनावरास झाला आहे असें मानण्यास ज्यास कारण असेल, त्या मालकानें किंवा सांभाळणारानें ती गोष्ट गांवच्या अधिकाऱ्यास अथवा ग्रामपंचायतीस कळवावी, असें चौथें कलम सांगतें. तेथून ती नजीकच्या पशुवैद्याकडे व त्याच्याकडून वरिष्ठांकडे जाते. ह्यांतील ‘मानण्यास कारण’ हे शब्द वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावे. रोग कोणता हें ठरविण्याचें काम मालकाचें नव्हे. खात्री होईपर्यंत थांबणारा मनुष्य सावध नसून उशीर करणारा होय. कारण खात्री ही प्रयोगशाळेंतून येते आणि नमुना तेथें जाण्यास वर्दीच लागते. शंका खोटी ठरली तर पशुवैद्याचा एक फेरा फुकट जाईल; खरी असून दडली तर गांवचा कळप जाईल.

पांचवें कलम मालकावर आणखी एक कर्तव्य टाकतें. रोगी जनावर वेगळें बांधावें, सामाईक गायरानांत चरावयास सोडूं नये, आणि गांवच्या तळ्यावर, नदीवर किंवा इतरांच्या भांड्यांत पाणी पाजूं नये. पशुवैद्य येण्याची वाट न पाहतां हें पहिल्या घटकेपासूनच करावयाचें आहे.

वर्दी देण्याजोगीं लक्षणें कोणतीं, तीं थोडक्यांत सांगतों :

(१) धडधाकट जनावर एकाएकीं मरणें, व नाकातोंडांतून किंवा गुदद्वारांतून काळसर, न गोठणारें रक्त येणें. ही फाशीची शंका होय. असें मढें फाडूं नये, त्याचें कातडें सोडवूं नये; कारण मढें उघडलें असतां ह्या रोगाचे जंतु बीजरूप धारण करून जमिनींत वर्षानुवर्षें टिकतात, आणि रोग माणसासही होतो.

(२) जोराचा ताप, गळ्याला सूज व श्वासाची घरघर. हा घटसर्प असूं शकतो. तो दिवसाच्या आंत जनावर नेतो.

(३) तोंडांत व खुरांच्या बेचक्यांत फोड, लाळ गळणें, लंगडणें.

(४) अंगभर गांठी व ताप.

(५) एकाच गोठ्यांत लागोपाठ गाभ टाकणें. असा गाभ व वार उघड्या हातानें उचलूं नये.

(६) कोंबड्यांत एकाएकीं पुष्कळ मर होणें.

(७) कुत्र्याचा किंवा कोल्ह्याचा चावा झाल्यावर जनावराची वागणूक बदलणें.

वर्दी देतांना गांव व वस्ती, जनावरांची जात व संख्या, आजारी किती, मेलेलीं किती, पहिलें लक्षण कोणत्या दिवशीं दिसलें, मागील पंधरवड्यांत कोणतें जनावर विकत आणलें किंवा बाजारास नेलें, आणि लस केव्हां टोचली, इतकें सांगावें. ग्रामपंचायतीस कळवून शिवाय गुरांच्या दवाखान्यांत स्वतः जावें, अथवा १९६२ ह्या क्रमांकावर दूरध्वनि करावा. रोगानें मेलेलें जनावर नदींत, कालव्यांत किंवा तळ्यांत टाकणें हा गुन्हा आहे.

रानांतील प्राण्यांविषयीं आपल्यांत अजून मोठें औदासीन्य आहे. बांधापलीकडे मेलें तें आपलें नव्हे, असें आपण समजतों. परंतु रोगास बांध कळत नाहीं. सन १९५७ मध्यें म्हैसूर संस्थानच्या जुन्या मुलखांत, शिमोगा जिल्ह्यांतील क्यासनूरच्या जंगलांत माकडें मरूं लागलीं, आणि माणसांस येणारा एक नवा ताप ओळखला गेला. गोचिडांवाटे पसरणारा हा माकडताप सन २०१६ पासून सिंधुदुर्ग जिल्ह्यांतही दिसला आहे. तेव्हां काजूच्या बागेंत मेलेलें माकड ही तेथील बागाइतदारास सर्वांत आधीं मिळणारी सूचना होय. सन २०२५ च्या जानेवारींत उदगीर शहरांत कावळे मरून पडूं लागले; तपासणींत बर्ड फ्लू निघाला. त्याच सुमारास नागपूरजवळ गोरेवाडा येथें ३ वाघ व १ बिबट्या ह्याच रोगानें मेल्याचें निष्पन्न झालें. सन २०१८ मध्यें गीरच्या जंगलांत २० हून अधिक सिंह थोड्या दिवसांत मेले, त्यांत कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपर रोगाचे विषाणु सांपडले. म्हणजे रोग रानांतून गांवांत येतो, तसा गांवांतून रानांतही जाऊं शकतो. अभयारण्यांत व त्याच्या ५ किलोमीटरांच्या परिसरांत असलेल्या गुरांस लस टोचण्याची तरतूद वन्यजीव संरक्षण अधिनियमांत आहे, ती ह्याच कारणास्तव.

रानटी जनावर किंवा पक्षी मेलेला दिसल्यास हात लावूं नये, कुत्र्यांस जवळ जाऊं देऊं नये, जागा लक्षांत ठेवून वनखात्यास १९२६ ह्या क्रमांकावर कळवावें. विष घातल्याचा आळ आपल्यावर येईल, ह्या भीतीनें कित्येक शेतकरी मढें गुपचूप पुरतात. पण आळ येतो तो पुरलेल्या मढ्यामुळें. जागच्या जागीं ठेवून दिलेली वर्दी हीच मालकाची उत्तम साक्ष होय.

आतां नुकसानीचा प्रश्न, कारण खरा अडसर तोच आहे. सन २०२२ मध्यें लंपी चर्मरोग पसरला तेव्हां सर्व महाराष्ट्र नियंत्रित क्षेत्र ठरला व गुरांचे बाजार बंद झाले. बाजार बंदी वर्दी देणारास व लपविणारास सारखीच भोवली. परंतु सरकारनें दुभत्या गाईस ३०,०००, ओढकामाच्या बैलास २५,००० व वासरास १६,००० रुपये साह्य ठरविलें, तें रोगानें दगावल्याची रीतसर नोंद झालेल्या जनावरास. गुपचूप पुरलेल्या जनावराची नोंद कशी होणार? कोंबड्यांची गोष्ट ह्याहून उघड आहे. बर्ड फ्लू ठरल्यावर सरकार ज्या कोंबड्या मारतें त्यांची भरपाई मिळते, आधींच मेलेल्यांची मिळत नाहीं. म्हणजे उशिराचा प्रत्येक दिवस भरपाई मिळण्याजोगी कोंबडी भरपाई न मिळणाऱ्या राशींत टाकीत असतो. भरपाई बाजारभावाइतकी नसते व पुष्कळदां रेंगाळते, ही तक्रार आम्हांस मान्य आहे. ती वेळेवर मिळावी म्हणून शेतकऱ्यांच्या संस्थांनीं भांडलें पाहिजे. ज्या सरकारास खरी वर्दी हवी त्यानें वर्दी देणारास पदरमोड सोसावयास लावूं नये. पण त्या भांडणासही बळ येतें तें दप्तरांतील नोंदीनेंच.

सारांश, शंका येतांच जनावर वेगळें करावें, पाणवठा तोडावा, पंचायतीस व दवाखान्यास त्याच दिवशीं कळवावें, आणि मेलेल्या प्राण्यास न उघडतां पशुवैद्याच्या सांगण्याप्रमाणें त्याची विल्हेवाट लावावी. प्रत्येक पंचायतीनें वरील क्रमांक चावडीच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहवून घ्यावे, आणि वर्दी देणाऱ्या शेतकऱ्याचें दूध किंवा नांव गांवांत कोणी टाकूं नये म्हणून वडीलधाऱ्यांनीं जपावें. लंपी माणसांस होत नाहीं व उकळलेल्या दुधास त्यापासून भय नाहीं, हें त्यांनीं लोकांस समजावून सांगितलें तरी पुष्कळ काम होईल. कायदा वर्दीची सक्ति करूं शकतो. ती निर्भयपणें देतां येईल अशी स्थिति मात्र गांवानेंच निर्माण केली पाहिजे.