जुन्या गाडीचा टायर घासतो? शॉकअप बदलण्याआधी दुखणे ओळखा



आपल्यापैकी अनेकांच्या दारात जुनी चारचाकी उभी असते. त्यात मारुती ८०० अजूनही दिसते. १९८३ साली आलेली ही गाडी २०१४ साली बनायची थांबली. म्हणजे त्यातली सर्वांत नवी गाडीही दहा वर्षांपुढची. ऊस वाहतुकीने उखडलेल्या रस्त्यांवरून अशी गाडी उसळू लागते, चाकाकडून 'खर्र' असा आवाज येतो आणि मालक गॅरेजात जाऊन सांगतो, "शॉकअप बदला." पैसे जातात, पण टायर घासायचा तो घासतोच. असे का होते, ते पाहू.

शॉकअपचे काम

गाडीचे वजन शॉकअप पेलत नाही, ते स्प्रिंग पेलते. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग उसळी मारते, ती उसळी आवरणे एवढेच शॉकअपचे काम. आतला दट्ट्या तेलातून वरखाली होतो, तेल बारीक छिद्रांतून जाते आणि उसळीचा जोर तिथेच जिरतो. म्हणून एक खूणगाठ बांधावी : गाडी उसळते तर शॉकअप पाहा, गाडी खाली बसली तर स्प्रिंग पाहा.

शॉकअपची तपासणी

१) गाडीचा एकेक कोपरा जोराने दाबून सोडा. वर येऊन लगेच स्थिरावला तर ठीक, दोन-तीन झोके खाल्ले तर शॉकअप गेला. मात्र अर्धवट गेलेला शॉकअप या परीक्षेत सापडतोच असे नाही.

२) शॉकअपच्या नळीवर तेल ओघळून त्यावर धूळ-चिखल बसला असेल, तर तो संपला समजा.

३) टायरवर हात फिरवा. ठिकठिकाणी उंच-सखल लागले, तर चाक रस्त्यावर टेकून न राहता उड्या मारते आहे. अशा वेळी ब्रेक दाबूनही गाडी लांब जाऊन थांबते. हा धोका मोठा आहे.

टायर केव्हा घासतो?

स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर : बहुधा टायर किंवा रिम मापाबाहेरची असते. मारुती ८०० चे माप १४५/७० आर १२. त्या टायरची उंची सुमारे ५०८ मिलिमीटर. शोभेसाठी १३ इंची रिमवर १५५/६५ चा टायर चढवला, तर उंची ५३२ होते आणि मडगार्डखालची जागा १२ मिलिमीटरने घटते. इथे नवा शॉकअप काय करणार?

माणसे-सामान भरल्यावर : स्प्रिंग थकलेली असते किंवा धक्का झेलणारे रबर झडलेले असते.

एकाच बाजूला : रिकामी गाडी सपाट जागी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंना टेप लावा. ठळक फरक आला, तर कमी भरलेल्या बाजूची स्प्रिंग बसली वा तुटली असण्याचा संभव मोठा.

सरळ रस्त्यावरही सतत : मडगार्डचे आतले अस्तर लोंबते का, आर्म वाकला का, बेअरिंग ढिले झाले का, हे पाहावे. तपासल्याशिवाय गाडी पुढे नेऊ नये.

नेमकी जागा सापडत नसेल, तर मडगार्डच्या आतून खडू फासावा आणि थोडे अंतर गाडी चालवावी. खडू पुसला गेला ती घासण्याची जागा.

दुरुस्ती करताना

शॉकअप एकटा बदलू नये, पुढची किंवा मागची जोडी बदलावी. पुढच्या शॉकअपवर स्प्रिंग दाबून बसवलेली असते. ती घरी खोलण्याचा उद्योग कुणी करू नये, सुटली तर जिवावर बेतते. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे.

मडगार्ड ठोकून जागा करणे हा इलाज नव्हे. टायरची बाजू पातळ असते. घासून आतले धागे दिसू लागले, तर तो टायर त्याच दिवशी काढावा. नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली, तरीही टायर बदलावा. घरची माणसे भरून देवदर्शनाला निघालेल्या गाडीचा असा टायर भर रस्त्यात फुटला, तर वाचवलेले पैसे काय कामाचे?

सभासदांनी गॅरेजात जाताना "शॉकअप बदला" असे न सांगता, टायर कुठे घासतो, केव्हा घासतो आणि दोन्ही बाजूंचे माप किती भरले, ते सांगावे. मिस्त्रीचे काम सोपे होईल आणि आपला खर्चही योग्य जागी होईल.