चैत्रातली बालवाडी : पाटीच्या आधीचे पाठ



गळीत हंगाम शेवटाकडे आला की आपल्या घरात राहिलेल्या उसाची तोड, खोडव्याची मशागत, सुरू लागणीचे पाणी आणि बिलाचा हप्ता हेच विषय चालतात. याच दिवसांत आपले तीन-चार वर्षांचे मूल बालवाडीतून दुपारी घरी येते आणि आपण त्याला एकच प्रश्न विचारतो, "आज काय लिहिलंस?" पाटी कोरी दिसली की लगेच शेरा, "बाई नुसतं खेळवतात, शिकवत काहीच नाहीत."

मी बालवाडीत शिकवते. फाल्गुन-चैत्रात हा शेरा जास्त ऐकू येतो, कारण जूनमध्ये मुलाला पहिलीत घालायचे असते. म्हणून या दिवसांत आम्ही मुलांना काय शिकवतो आणि का, ते आपल्यापुढे मांडते.

आधी मूळ, मग भरणी

उसाची उगवण झाली नाही तोवर कोणी भरणी करायला जात नाही. मुलाचेही तसेच आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या मनगटातली बारीक हाडे अजून पक्की झालेली नसतात. बोटांना चिमूट धरायची, वळवायची, दाबायची सवय नसते. अशा हातात पेन्सिल देऊन 'अ' गिरवून घेतला तर अक्षर येते थोडे आणि कंटाळा येतो फार. माती मळणे, बी निवडणे, शेंग सोलणे, फूल ओवणे यांनी तोच हात तयार होतो. शब्दांचेही असेच. ज्याने खरखरीत आणि गुळगुळीत हाताने पाहिले, तुरट आणि कडू जिभेने पाहिले, त्याला ते शब्द पुढे पुस्तकात परके वाटत नाहीत.

हा विचार आजचा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. विकतची महागडी साधने खेड्याला परवडणार नाहीत हे ओळखून त्यांनी खडे, शंख-शिंपले, पाने, बिया यांचीच साधने केली. जी मुले बालवाडीपर्यंत येत नव्हती त्यांच्या अंगणात जाऊन वर्ग भरवला, आणि त्यातूनच 'अंगणवाडी' आली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि हे नाव देशभर पोचले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा धरून खेळातून शिकण्यावरच भर दिला आहे.

वसंतातले चार पाठ

पहिला पाठ : पालवी. मुलांना पिंपळाखाली न्यावे. कोवळे पान तांबूस, जून पान हिरवे, गळालेले पान पिवळे. प्रत्येकाने तिन्ही वेचावीत, हाताने चोळून पाहावीत, लहान-मोठी अशी रांगेत मांडावीत. रंग, क्रम आणि वर्गवारी हे पुढच्या गणिताचे मूळ यात आले. पाडव्याला कडुनिंबाचे पान चाखताना तोंड वाकडे होते, तेव्हा 'कडू' हा शब्द कायमचा पाठ होतो.

दुसरा पाठ : रंग. माळावर पळस फुललेला असतो. त्याची फुले पाण्यात उकळून गाळली की केशरी-पिवळा रंग निघतो. उकळण्याचे काम बाईंचे, पाकळ्या तोडण्याचे मुलांचे. थोडे पाणी, जास्त पाणी, गडद रंग, फिका रंग हे मूल स्वतः करून बघते. रंगपंचमीला हाच रंग वापरावा.

तिसरा पाठ : आंब्याची डहाळी. दारच्या आंब्याची एक डहाळी ठरवून तिला सुतळी बांधावी. दर आठवड्याला जाऊन बघावे. आधी मोहोर, मग मिरीएवढी कैरी, मग बोराएवढी. पुष्कळ गळतात, थोड्या राहतात. "परवा पाच होत्या, आज तीनच कशा?" असे मूल विचारू लागले की वजाबाकीची सुरुवात झाली.

चौथा पाठ : उसाचा डोळा. हा आपल्या भागाचा खास पाठ. एक डोळ्याच्या कांड्या आणि मातीने भरलेले जुने डबे घ्यावेत. डब्यांना खाली भोके पाडून कडा ठोकून घ्याव्यात. काही कांड्या डोळा वर करून लावाव्यात, काही डोळा खाली करून. एक कांडी आठवड्याने उकरून दाखवावी. पेराजवळच्या ठिपक्यांतून आधी मुळ्या सुटलेल्या दिसतात. ऊन चांगले असेल तर साधारण दोन आठवड्यांत कोंब वर येतो. डोळा खाली असलेल्याला वळून यावे लागते म्हणून उशीर लागतो. कोंबाची उंची सुतळीने मोजावी आणि सुतळीचे तुकडे भिंतीवर ओळीने चिकटवावेत. मुलांनी स्वतः मांडलेला हा वाढीचा पहिला तक्ता.

सावधगिरी

या पाठांत काही गोष्टी मात्र कटाक्षाने पाळाव्यात :

१. बेणेप्रक्रिया केलेली कांडी किंवा औषध लावलेले रंगीत बियाणे मुलांच्या हातात कधीही देऊ नये. साधा ऊस घरीच तोडून, धुऊन पाठवावा. कोयता वर्गात आणू नये.

२. एरंड, गुंज, कण्हेर, धोतरा यांच्या बिया विषारी आहेत. त्या वर्गात नकोतच.

३. हरभरा, शेंगदाणे, चिंचोके मुले नाकात घालतात किंवा घशात अडकवून घेतात. मोजणीला दिल्यास बाईंनी समोर बसून द्यावेत आणि मोजून परत घ्यावेत.

४. फवारणी झालेल्या शेतातली पाने-फुले वेचू नयेत.

५. चैत्रातले ऊन कडक असते. बाहेरचा पाठ सकाळी दहाच्या आत संपवावा आणि मुलांना पाणी पाजावे.

एका डब्याची गोष्ट

एका वर्षी डबे भरत होतो तेव्हा दारात एक मुलगी उभी होती. पाच वर्षांची असेल. तिचे आई-वडील बीडकडून टोळीबरोबर तोडीला आलेले, जवळच्याच फडात कोयता चाललेला. आत ये म्हटले तर येईना. सभासदांची मुले कांडी हातात धरून डोळा शोधत होती, कुणाला सापडत नव्हता. ती आत आली, कांडी फिरवून बोट ठेवले आणि म्हणाली, "ह्यो बघा की डोळा." त्या दिवशी ती आमची बाई झाली. तिलाही एक डबा दिला. त्यावर तिने कोळशाने फुली मारली.

ती नऊ-दहा दिवस आली. रोज सकाळी आधी डब्यापाशी जायची, माती बोटाने दाबून बघायची, विचारायची, "बाई, आज येईल का?" मग फड संपला आणि टोळी रातोरात दुसऱ्या गावी गेली. चौथ्या दिवशी फुलीच्या डब्यात कोंब आला. मुलांनी मला ओढत नेऊन दाखवला. "तिला कोण सांगणार?" असे एकाने विचारले. माझ्यापाशी उत्तर नव्हते.

बंधूंनो, आपला ऊस त्यांच्या हातांनी कारखान्यावर जातो. दिवाळीच्या सुमारास निघालेली ही माणसे पाडव्याच्या आसपास घरी परततात. तेवढे महिने त्यांची लहान मुले पाचटात आणि बैलगाडीच्या सावलीत असतात. आपल्या फडात टोळी आली की मुकादमाला एवढे विचारा, "तीन ते सहा वर्षांची मुलं किती?" आणि अंगणवाडीच्या ताईंना तो आकडा सांगा. मुले येत नसतील तर सकाळचा एक तास कोप्यांवर जाऊनही वर्ग भरवता येतो. अंगणवाडीची सुरुवातच तशी झाली. दहा-बारा दिवस आले तरी त्या मुलाचे ते दिवस वाया जात नाहीत.

आपण काय करावे?

पैसे नकोत. दहा-बारा कांड्या, एक पाटी काळी माती, घरातले रिकामे डबे आणि सुतळी एवढे बालवाडीत पोचवा. आठवड्यातून एकदा मुलाबरोबर बांधावरून चालत जा. आणि संध्याकाळी "काय लिहिलंस?" याऐवजी "आज काय बघितलंस?" असे विचारून पाहा. उत्तर लांबलचक येईल, ते शेवटपर्यंत ऐका. अक्षर पहिलीत येईलच. या वयात आधी मुळ्या धरू द्याव्यात.