कापसाच्या घाईनं विकलेला साग

आमच्या चांदूर बाजार तालुक्यातल्या वावराच्या धुऱ्यावर वडिलांनी 1978 साली सागाची रोपं लावली होती. 2011 मध्ये मी ती विकली, तेव्हा झाडं शेहेचाळीस होती आणि सौदा ठरला एक लाख चाळीस हजारांना, उक्ता. म्हणजे नगाला तीन हजारांच्या थोडं वर. फुकटची सावली देणाऱ्या झाडांचे एवढे पैसे येतात, म्हणून मी त्या दिवशी खूश होतो. ती खुशी कशी उतरली, ते सांगतो. वऱ्हाडात धुऱ्यावर साग असलेले कास्तकार पुष्कळ आहेत आणि त्यातले बरेच जण मी केलं तेच करतात.

दिवाळी होऊन गेली होती. मुलीचं लग्न ठरलेलं, कापसाला भाव नव्हता. अशात एक लाकडाचा व्यापारी दारी आला. वावरात गेल्यावर तो आधी विहिरीकडे गेला. तिथल्या सहा झाडांभोवती फिरला, एकाला कवेत घेतल्यासारखा हात लावून पाहिला, वर शेंड्याकडे बघितलं. मग उरलेल्या धुऱ्यावरून भराभर चालत आला आणि म्हणाला, "भाऊ, नग सांगा, नग. सारे धरून किती घ्याचे?" मी आकडा सांगितला, त्यानं थोडी घासाघीस केली आणि वीस हजार इसार हातावर ठेवला. विहिरीकडे तो आधी का गेला, हे त्या वेळी माझ्या ध्यानातच आलं नाही.

माझ्या पत्नीचे मामा मेळघाटात वनपाल होते, निवृत्त झालेले. झाडं पडून माल उचलला गेल्यावर ते घरी आले. चहा घेताना त्यांनी विचारलं, "जवाईबापू, झाडं मोजली होती का?" म्हटलं, हो, शेहेचाळीस. ते हसले. "नग त कोहळ्याचे मोजतात बाप्पा. झाडाचा घेर मोजावा लागते." मग मला घेऊन वावरात गेले. घरात शिलाई मशीनच्या डब्यात साठ इंची कापडी टेप होती, तीच घेतली. विहिरीजवळच्या पहिल्याच थुटाला ती पुरली नाही.

थुटाचा घेर म्हणजे लाकडाचा घेर नव्हे, बुडाशी झाड फुगलेलं असतं. मामांनी अंदाजानं वजावट केली आणि मातीत काडीनं हिशोब मांडला. लाकडाच्या धंद्यातला जुना हिशोब असा: ओंडक्याच्या मधोमध घेर मोजायचा, त्याचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याला त्यानंच गुणायचं आणि लांबीनं गुणायचं. फुटात मोजलं की उत्तर घनफुटात येतं. विहिरीजवळची सहा झाडं साधारण चार फूट घेराची आणि बारा फूट सरळ सोटाची. चाराचा चौथा हिस्सा एक, एक गुणिले एक गुणिले बारा, म्हणजे झाडामागे बारा घनफूट. सहा झाडांचे बहात्तर. उरलेली चाळीस झाडं दोन फूट घेराची, सोट आठ फुटांचा. दोनाचा चौथा हिस्सा अर्धा, अर्ध्याचा अर्धा पाव, पाव गुणिले आठ म्हणजे फक्त दोन घनफूट. चाळीस झाडांचे ऐंशी.

सहा झाडं बहात्तर आणि चाळीस झाडं ऐंशी. त्यातही जाड ओंडक्याला घनफुटाचा दरच जास्त मिळतो, कारण त्यात पक्का गाभा जास्त आणि सालीलगतचा पांढरा भाग कमी; रुंद फळ्या त्यातूनच निघतात. म्हणजे किमतीच्या हिशोबानं माझ्या सौद्यातला निम्म्याहून अधिक माल विहिरीजवळ उभा होता आणि मी तो नगाला तीन हजारांत दिला होता. व्यापाऱ्यानं मला फसवलं, असं मी आजही म्हणत नाही. त्याला मोजता येत होतं, मला येत नव्हतं; ही माझी पहिली चूक.

विहिरीजवळची झाडं जाड का झाली, हेही मामांनी दाखवलं. विहीर खोदताना निघालेला मुरूम तिथं पडला होता आणि पाण्याचा ओलावाही होता. सागाला निचऱ्याची जमीन लागते. आमच्या भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचतं, तिथं तो रखडतो. त्यात वडिलांनी झाडं दाटीनं लावली होती आणि मधली कधी विरळली नाहीत. म्हणून एकाच वर्षी लावलेल्या झाडांच्या जाडीत दुपटीचा फरक पडला. सागाच्या वयावरून भाव सांगणाऱ्यावर म्हणूनच विश्वास ठेवू नये.

दुसरी चूक घाईची. कापूस वेचला की घरात ठेवायला जागा नसते, घेणेकरी दारात असतो, म्हणून भाव पडलेला असला तरी विकावा लागतो. ती सवय आपल्या अंगात इतकी मुरली आहे की साग विकतानाही आपण तशीच घाई करतो. पण साग ह्या हंगामात विकला नाही म्हणून कापसासारखा पिवळा पडत नाही. उलट वाढतो. घेर दोन फुटांचा चार फूट झाला की त्याच लांबीत लाकूड दुप्पट नाही, चौपट होतं. मी तेव्हा विहिरीजवळची सहाच झाडं विकली असती, धुऱ्यावरची निम्मी विरळली असती आणि उरलेली राखली असती, तर आज गोष्ट वेगळी असती.

तिसरी चूक कागदाची. मालकीच्या जमिनीवरचा साग आपला असला, तरी तो आपल्या मर्जीनं तोडता येत नाही. महाराष्ट्रात 1964 चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. त्यातल्या अनुसूचीत साग आहे, तसेच आंबा, चिंच, मोह, जांभूळ, बिवला, तिवस, हळदू, खैर आणि चंदनही आहेत. आधी परवानगी, मग तोड. त्यानंतर लाकडावर हातोड्याचा शिक्का आणि वाहतुकीचा पास. पासाशिवाय माल रस्त्यावर आला तर तो वाहनासकट जप्त होऊ शकतो. परवानगीपासून पासापर्यंतच्या ह्या कामाला आमच्याकडे मालकी प्रकरण म्हणतात आणि त्याला महिने लागतात.

माझ्या प्रकरणात हद्दीची मोजणी झाली, तेव्हा नऊ झाडं शेजाऱ्याच्या हद्दीत निघाली. वडिलांनी समाईक धुऱ्यावर लावली होती, तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. झाडाला किंमत आल्यावर हद्द आठवली आणि शेजाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. व्यापाऱ्यानं नऊ नगांचे सत्तावीस हजार कापले. आता गंमत बघा. ती नऊही झाडं बारीक होती, प्रत्येकी दोन घनफुटांची. उक्त्या सौद्याचा हिशोब नगावर होता, म्हणून बारक्या झाडांची वजावटही जाड झाडांच्याच भावानं झाली. बाकीचे पैसे माल उचलल्यावर द्यायचे ठरले होते, ते मिळाले तेव्हा लग्न होऊन गेलं होतं. लग्न शेवटी सावकाराच्या पैशानंच झालं.

म्हणून आता सांगतो, साग विकायचा असेल तर कोणत्या क्रमानं जावं.

आधी मोजणी. जमिनीपासून साडेचार फुटांवर प्रत्येक झाडाचा घेर कापडी टेपनं मोजा. दहा फुटी बांबू खोडाला लावून पहिल्या जाड फांदीपर्यंतचा सरळ सोट किती, ते पाहा. झाडाला चुन्यानं नंबर टाका आणि वहीत लिहा. वर घेर कमी होत जातो, तेवढी वजावट धरा.

मग खोड नीट बघा. कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं ठोका, पोकळ झाडाचा आवाज ओळखू येतो. गाठी, वाक, बुडाशी धुरा पेटवल्यानं पडलेली जळकी खूण, ह्या सगळ्यानं भाव उतरतो. आणि तार शोधा. माझ्या एका झाडाला काटेरी तारेचं कुंपण ठोकलं होतं. झाडानं ती तार गिळली होती, वरून दिसत नव्हती. अशा लाकडानं आरा मशीनचं पातं तुटतं आणि एकदा तुटलं की मशीनवाला तुमचा सगळा माल संशयानं बघतो. उभ्या झाडाला खिळा ठोकू नका, गरज पडली तर लाकडी खुंट वेगळा रोवा.

नंतर भाव. परतवाड्याच्या वन विभागाच्या डेपोत एखाद्या लिलावाला नुसतं जाऊन बसा. लांबी आणि घेराप्रमाणे माल लावलेला असतो, कोणत्या जाडीला काय बोली लागते ते कानानं ऐका. तो भाव जसाच्या तसा आपल्याला मिळणार नाही, हेही समजून घ्या. तोडणी, ओढणी, भराई, भाडं, कापताना जाणारी घट आणि परवानगीला लागणारा वेळ वजा जातो. तेवढा व्यापाऱ्याचा हक्क आहे. अयोध्येच्या मंदिरासाठी 2023 मध्ये बल्लारपूरहून साग गेला, त्या बातम्या वाचून आपल्या धुऱ्याच्या बारक्या सागाचा भाव ठरवू नये. तो चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला निवडक माल होता.

घनफूट कोणत्या हिशोबानं, हे आधी ठरवा. चौथ्या हिश्शाच्या हिशोबात खरं लाकूड शंभर घनफूट असेल तर साडेअठ्ठ्याहत्तरच भरतं. हा हिशोब चुकीचा नाही, धंद्याची ती रीत आहे. पण भाव एका हिशोबाचा आणि माप दुसऱ्या हिशोबाचं, असं होऊ देऊ नका. घेर सालीसकट की साल काढून, तेही विचारा.

कागद सौद्याच्या आधी. सातबारावर झाडांची नोंद आहे का ते पाहा. ई-पीक पाहणीत बांधावरची झाडं नोंदवायची सोय आहे, ती दरवर्षी वापरा. समाईक धुरा असेल तर आधी मोजणी, मग व्यापारी. परवानगीचा खर्च कुणाचा, पैसे कधी, परवानगी लांबली तर काय, हे लेखी ठेवा. धारणी-चिखलदऱ्याच्या आदिवासी खातेदारांसाठी 1969 चा वेगळा कायदा आहे. त्यांनी झाड परस्पर व्यापाऱ्याला न विकता जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा.

विहिरीजवळच्या सहाही थुटांना पहिल्याच पावसाळ्यात फूट आली. मामांनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येकाला एकच जोमदार कोंब ठेवला, बाकीचे काढले. दर पाडव्याला मी त्यांचा घेर मोजतो आणि वहीत लिहितो. ती वही मुलाला दाखवून ठेवली आहे.

तुमच्या धुऱ्यावर साग असेल तर गरज पडायची वाट पाहू नका. येत्या रविवारी टेप घेऊन वावरात जा आणि मोजा. पुढे कधी कुणी "नगाला किती" असं विचारत आला, तर त्याला नगाचा भाव सांगू नका, वही दाखवा.