आज काय करू?

पुण्यात संध्याकाळचे सात वाजले आहेत. पर्वतीच्या उतारावर जनता वसाहत आहे. तिथल्या एका घरात आई नुकतीच कामावरून आली आहे. चार घरची धुणीभांडी तिने केली आहेत. मुलांचे वडील मार्केट यार्डात हमाल आहेत. दिवसभर पोती उचलून तेही आले आहेत. मुले विचारतात, "आई, आज काय?"

आईला काही सुचत नाही. डब्यात डाळ आहे की संपली, ते आठवत नाही. मटकी आहे, पण ती भिजवलेली नाही. भाजी आणायला आता कोण उतरणार? मग मुलांच्या हातावर दहा रुपये पडतात. मुले कोपऱ्यावरून कुरकुरीत पुडा आणतात. मोठ्यांना वडापाव येतो. पोट भरल्यासारखे होते आणि सगळे झोपतात.

असे एखादे दिवशी झाले तर काही बिघडत नाही. आठवड्यातून चार दिवस झाले, तर पैसा जातो आणि अंगही भरत नाही. आपल्या महाराष्ट्रात २०१९ ते २०२१ या काळात सरकारने घरोघर पाहणी केली. निम्म्याहून अधिक बायांच्या अंगात रक्त कमी असल्याचे दिसले. पुड्यातल्या मिठाने आणि तेलाने रक्त वाढत नाही.

बाई आळशी आहे का? मुळीच नाही. भाकऱ्या थापायला तिला अर्धा तास पुरतो. तिला जड जाते ते ठरवणे. दमलेल्या डोक्याने ठरवणे फार जड जाते. म्हणून ठरवायचे काम दमलेल्या वेळी करू नये. आठवड्यातून एकदाच, निवांत बसून करावे. आणि ते कागदावर लिहावे. तुम्हाला आता लिहिता येते. त्या विद्येचा घरात पहिला उपयोग इथे करा.

मार्केट यार्डाचा भाजीबाजार शनिवारी बंद असतो. म्हणून या घरात शनिवारी संध्याकाळी बैठक बसते.

"अहो, बसा जरा. पुढच्या आठवड्याचं लिहून काढू."

"त्यात काय लिहायचं? तू करशील ते खाऊ."

"ते खरं. पण मलाच सुचत नाही ना. तुम्ही एवढं सांगा, तुम्हाला जास्त काम कोणत्या दिवशी?"

"रविवारी. रविवारी माल फार येतो. पाठ मोडून जाते."

"आणि माझा सोमवार वाईट. रविवारी लोकांकडे पाहुणे येतात. सोमवारी भांड्यांचा ढीग पडलेला असतो."

"मग सोमवारी खिचडी टाक."

"तुम्हीच टाका की! कुकर तर लावायचा."

नवरा हसला. पण कागदावर तसे लिहिले गेले. सोमवार, खिचडी, आणि पुढे त्याचे नाव. आमच्या मते या कागदावरची ही सर्वांत मोलाची ओळ आहे. दोघे कमावतात, तर चूल एकटीच्या गळ्यात का?

आता लिहायचे कसे ते पाहू. आधी पदार्थ लिहू नका. आधी डबे उघडा. घरात काय आहे ते लिहा. ज्वारी किती, तांदूळ किती, डाळ किती. मापाला वाटी घ्या, पण वाटी एकच ठेवा. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' हे पुस्तक १९७० साली निघाले आणि घरोघर गेले. त्यातही मापे वाटीची आणि चमच्याचीच आहेत. वाटीने मोजलेले चुकत नाही आणि तराजू लागत नाही.

मग रेशनचा हिशेब करा. २०१३ साली अन्न सुरक्षा कायदा झाला. ज्या कुटुंबाचे नाव प्राधान्य यादीत आहे, त्याला दर महिन्याला माणशी ५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते फुकट मिळते. घरात चार माणसे असतील तर २० किलो झाले. आठवड्याला साधारण ५ किलो.

हे पुरते का? हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तिने २०२४ साली आहाराचा तक्ता दिला. बसून काम करणाऱ्या मोठ्या माणसाला दिवसाला २५० ग्रॅम धान्य आणि ८५ ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, असे त्यात आहे. पाटी घ्या आणि गुणाकार करा. चार माणसांचे धान्य दिवसाला १ किलो. आठवड्याचे ७ किलो. रेशनचे ५ किलो वजा केले की २ किलो विकत घ्यावे लागते. हमालाला याहून जास्त लागते, मुलांना कमी. तेव्हा आकडा थोडा पुढेमागे होईल.

डाळीचे पाहा. ८५ गुणिले ४ म्हणजे ३४०. ३४० गुणिले ७ म्हणजे २३८०. म्हणजे आठवड्याला सव्वादोन किलोच्या वर! बहुतेक घरांत याच्या निम्मीही येत नाही. आपण भात-भाकरीने पोट भरतो आणि डाळ पातळ करतो. पुड्यांचे दहा-दहा रुपये आठवडाभर मोजून पाहा. त्यात किती मटकी आली असती, ते दुकानदाराला विचारा. घरात अंडी खात असतील तर थोडी डाळ कमी चालेल.

त्या घराचा कागद असा होता :

रविवार : मेथीची भाजी, भाकरी, मुलांना अंडे.
सोमवार : मूगडाळीची खिचडी. (बाबा)
मंगळवार : मटकीची उसळ, भाकरी, लिंबू.
बुधवार : दुधी, वरण, भात.
गुरुवार : पिठले, भाकरी, कांदा.
शुक्रवार : उरलेले.
शनिवार : मुलांना विचारू.

मेथी रविवारीच का? तिची पाने लवकर कोमेजतात. पालेभाजी आणली की आधी ती संपवावी. दुधी चार दिवस टिकतो. लाल भोपळा, बटाटा, कांदा त्याहून जास्त टिकतात. ज्या घरात फ्रिज नाही, तिथे हा क्रम फार महत्त्वाचा. मंडईत संध्याकाळी उशिरा भाजीचे वाटे स्वस्त होतात. ते घ्यावेत, पण त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी शिजवावेत. स्वस्त वाटा घेऊन तो टोपलीत सडला, तर तो महागच पडला.

मंगळवारच्या उसळीची तयारी सोमवारी सकाळी सुरू होते. कामावर जाताना मटकी पाण्यात टाकायची. रात्री पाणी काढून ती ओल्या फडक्यात बांधायची. मंगळवारी संध्याकाळी मोड आलेले असतात. थंडीत जास्त वेळ लागतो. तेव्हा पुरचुंडी चुलीजवळ उबेत ठेवावी. म्हणून कागदावर सोमवारच्या ओळीत "मटकी भिजव" हेही लिहायला हवे. हे काम मुलांना द्या. शाळेत जाणारी मुलगी हे वाचून करू शकते. मोड आले की कडधान्यातले लोह अंगी लागायला सोपे जाते. वर लिंबू पिळले तर आणखी चांगले. मात्र जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेऊ नका. चहामुळे ते लोह अंगी लागत नाही. तासभर थांबा. आपल्या लोकांना ही गोष्ट पटत नाही, पण ती खरी आहे.

शुक्रवारी "उरलेले" लिहिले आहे. आठवड्यात पाहुणा येतो, कोणी आजारी पडते, एखादी भाजी राहून जाते. कागद अगदी भरून टाकला तर तो दोन दिवसांत मोडतो आणि मग माणूस कंटाळून तो फाडतो. एक दिवस मोकळा ठेवला की सगळे सांभाळून जाते. घरातली टिकाऊ भाजी, डब्यातले पीठ, उरलेली डाळ यांचे शुक्रवारी काहीही करावे. थालीपीठ तर होतेच होते.

पण उरलेल्या भाताची गोष्ट वेगळी. शिजलेला भात गरम हवेत तासन् तास राहिला, की त्यात एक जंतू वाढतो. त्याचे बी शिजवूनही मरत नाही. तो भातात विष सोडतो आणि पुन्हा गरम केले तरी ते विष जात नाही. उलट्या होतात, पोट बिघडते. तेव्हा रात्रीचा भात बाहेर ठेवून सकाळी फोडणी देऊ नका. भात मोजूनच टाका. कोरडी ज्वारीची भाकरी रात्रभर चांगली राहते. सकाळी ती दुधात किंवा ताकात कुस्करून खावी. कामाच्या गडबडीत एवढी सोपी न्याहारी दुसरी नाही.

शाळेचे जेवणही हिशेबात धरा. सरकारी आणि अनुदानित शाळेत पहिली ते आठवीच्या मुलांना दुपारी पोषण आहार मिळतो. त्याहून लहान मुलांना अंगणवाडीत आहार मिळतो. मुलांना विचारा, आज शाळेत काय दिले? दुपारी खिचडी खाल्लेल्या मुलाला रात्री पुन्हा खिचडी दिली, तर तो तोंड वाकडे करणारच. सुट्टीच्या दिवशी मात्र ते जेवण घरी लागते. सणाची सुट्टी आली की धान्य जास्त जाते, ते यामुळे.

पुण्यातच एक मोठे उदाहरण आहे. मार्केट यार्डातल्या हमालांची हमाल पंचायत आहे. डॉ. बाबा आढाव यांनी ती उभी केली. कष्टकऱ्यांना स्वस्तात पोटभर जेवता यावे म्हणून पंचायतीने १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू केली. नफा न ठेवता तिथे भाजी-भाकरी देतात. एवढ्या माणसांचा स्वयंपाक आयत्या वेळी ठरवून होईल का? किती पीठ, किती भाजी, हे आधी ठरवावेच लागते. घर चार माणसांचे असले तरी रीत तीच. ज्या दिवशी घरी जमणारच नाही, त्या दिवशी पुड्यापेक्षा अशी भाजी-भाकरी केव्हाही चांगली.

एक सूचना राहिली. कागद लिहिण्याआधी पंचांग किंवा दिनदर्शिका पाहा. नाहीतर अंड्याच्या दिवशी नेमकी एकादशी येते, आणि सासूबाई दिवसभर बोलत नाहीत.

कागद कुठे लावायचा? डब्यांच्या फळीजवळ, मुलांच्या डोळ्यांसमोर. मागच्या बाजूला खर्च लिहा. भाजीचे किती, किराण्याचे किती, बाहेरच्या खाण्याचे किती. चार आठवड्यांचे चार कागद टाकू नका. दोऱ्याने बांधून ठेवा. पाचव्या आठवड्याला पहिला कागद पुन्हा लावता येतो. मग फक्त भाज्या बदलायच्या.

वहीत लिहा :
१. तुमच्या घरी आज कोणकोणती डाळ आणि कडधान्ये आहेत? प्रत्येकी किती वाट्या?
२. घरात किती माणसे जेवतात? प्रत्येकाला ८५ ग्रॅम धरून आठवड्याची डाळ काढा.
३. तुमच्या घरी सर्वांत दमणुकीचा वार कोणता? त्या दिवशी चूल कोण पेटवील? त्याचे नाव लिहा आणि त्याला वाचून दाखवा.