उलटलेला क्षय

क्षयाचे औषध घेऊन माणूस बरा झाला, शेतकामास लागला, आणि वर्ष पुरे होण्याच्या आत पुन्हा खोकू लागला, असे आपल्या खेड्यांत अधूनमधून पाहावयास मिळते. मग कोणी म्हणतो, हा राजरोगच, ह्यास औषध नाही; कोणी करणीकडे बोट दाखवितो; कोणी दवाखान्याच्या गोळ्यांस नावे ठेवितो. अशा बोलण्याने दुखणेकरी दुसऱ्यांदा औषध घेण्यास जात नाही, आणि बरा होण्याजोगा मनुष्य हकनाक जिवास मुकतो. यास्तव हे दुखणे का उलटते, ह्याचा थोडा विचार, जे बंधुभगिनी घरोघर भेटीस जातात त्यांच्याकरिता, आम्ही येथे करीत आहो.

ह्या रोगाचे मूळ एक सूक्ष्म जंतु होय, तो डॉ. रॉबर्ट कॉख ह्यांनी 1882 साली जगास दाखवून दिला. तो फार सावकाश वाढतो, व त्याच्या जातीतले काही तर निजल्यासारखे पडून राहतात. औषध सुरू होताच जे जंतु जागे असतात ते झपाट्याने मरतात. त्यामुळे काही आठवड्यांतच ताप उतरतो, खोकला कमी होतो, भाकरी गोड लागू लागते. रोग्यास वाटते, दुखणे गेले. परंतु हराळी कशी असते हे शेतकऱ्यास सांगावयास नको. वरचे पान खुरपले म्हणजे रान स्वच्छ दिसते; काशा मात्र मातीत जिवंत असतात. निजलेल्या जंतूंवर औषध हळूहळू लागू पडते, म्हणून साधारण क्षयास सहा महिने औषध द्यावे लागते: पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढील चार महिने तीन.

इतकी औषधे एकदम का, असे पुष्कळ जण विचारतात. फुप्फुसात पोकळी पडली असता तीत कोट्यवधि जंतु राहतात, व त्यांत एखाद्या औषधास न जुमानणारे थोडे जंतु मुळातच असतात. 1948 साली इंग्लंडात स्ट्रेप्टोमायसिनच्या प्रयोगाची हकीकत प्रसिद्ध झाली. ते एकच औषध दिलेले रोगी आरंभी चांगले सुधारले. परंतु पुढे बहुतेकांच्या जंतूंवर ते औषध चालेनासे झाले, व अनेकांचे दुखणे पुन्हा बळावले. एका औषधातून निसटलेला जंतु दुसऱ्याने मरावा, म्हणून ही जोड आहे. जो रोगी चार दिवस गोळ्या घेतो व आठ दिवस सोडतो, किंवा त्यांतील नको वाटेल ती वगळतो, तो नकळत चिवट जंतूंचेच बी राखून ठेवितो.

रोगी औषध सोडतो तो नेहमी आळसानेच सोडतो असे नाही. रिफॅम्पिसिन नावाच्या गोळीने लघवी तांबूस होते. हे निरुपद्रवी आहे, परंतु आधी कोणी सांगितले नसेल तर रक्त पडते असे समजून माणूस घाबरतो. ह्याच्या उलट, डोळे पिवळे झाले, सारख्या ओकाऱ्या होऊ लागल्या, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. ते सांगतील तसे औषध थांबवावे व पुन्हा सुरू करावे. दुसरे कारण पोटाचे. दिवाळीच्या सुमारास बीडकडील कुटुंबे ऊसतोडीस जातात ती उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. अशा रोग्याने निघण्यापूर्वी आपल्या आरोग्य केंद्रात तसे सांगावे. त्याचे नाव सरकारच्या निक्षय नोंदीत असते, व कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात तेच औषध पुढे फुकट चालू करता येते.

आणि ज्याने एकही गोळी चुकविली नाही त्याचेही दुखणे उलटू शकते, हे आम्ही मुद्दाम सांगतो. कारण गावात त्यालाच बोल लावण्यात येतो. मधुमेह, एच.आय.व्ही., तंबाखू व दारू ह्यांनी शरीर दुबळे होते. कधी जुना जंतु मेलेला असतो, पण घरातील दुसऱ्या खोकणाऱ्यापासून नवा लागतो. अन्नाचे महत्त्व तर फारच आहे. झारखंडात रोग्यांच्या घरच्या माणसांस शिधा देऊन पाहिले, तेव्हा त्यांच्यातील क्षयाचे नवे रोगी शेकडा 39 ने कमी झाले, असे 1923 नव्हे तर अगदी अलीकडे, 2023 साली, प्रसिद्ध झाले. सरकारही उपचार चालू असेतो रोग्यास पोषणासाठी दरमहा पैसे देते. 2024 च्या नोव्हेंबरापासून ही रक्कम 500 रुपयांवरून 1000 रुपये करण्यात आली.

दुखणे उलटल्यास जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून त्याच गोळ्या आणणे, हे सर्वांत वाईट. पूर्वी सरकारी दवाखान्यांतही अशा रोग्यास त्याच औषधांत स्ट्रेप्टोमायसिनच्या सुया जोडून आठ महिने उपचार करीत. जंतु आधीच चिवट झाला असेल तर एकच नवे औषध जोडून काय होणार? 2017 साली जागतिक आरोग्य संघटनेने ही रीत सोडावयास सांगितले, व आपल्याकडेही ती बंद झाली. आता आधी बेडका तपासतात. रिफॅम्पिसिन चालते की नाही हे यंत्रावर सुमारे दोन तासांत कळते, व त्याप्रमाणे औषध ठरते. चिवट क्षयासही आज उपाय आहे. पूर्वी त्यास दीड-दोन वर्षे लागत, आता पुष्कळ रोग्यांस सहा महिन्यांचा उपचार देता येतो.

तपासणी आणखी एका कारणास्तव हवी. बऱ्या झालेल्या फुप्फुसात व्रण राहतो. त्याने खोकला येतो, दम लागतो, छायाचित्रात डागही दिसतो. तो क्षय नव्हे. यंत्रास कधी मेलेल्या जंतूंचे अवशेषही सापडतात, म्हणून डॉक्टर बेडक्यातील जंतु वाढवून पाहतात. त्यास काही आठवडे लागतात, तितका धीर धरावा. उपचार संपल्यावर दर सहा महिन्यांनी, दोन वर्षेपर्यंत, दवाखान्यात दाखविण्याचा नियम आहे. दुखणे उलटते ते बहुधा पहिल्या वर्षातच; तेव्हा भेटीस जाणाऱ्यांनी औषध संपल्याची तारीख आपल्या वहीत टिपून ठेवावी, व सहावा महिना भरताच त्या घरी जाऊन वजन घटले काय, रात्री घाम येतो काय, हे विचारावे.